घास देणारा

१

डोर्नक्वेलच्या मळ्यावर कॉफी चारला होते. दुष्काळ असो, गाय अडलेली असो, चार म्हणजे चार. पूर्वी डेटलेफ काठोकाठ भरलेला कप एका हातानं उचलायचा आणि दुसऱ्या हातात पेपर धरायचा. आता त्याची बायको हिल्डे तो कप अर्धाच भरायची. त्याच्या हातांची थरथर गेल्या वर्षात खांद्यापर्यंत चढली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यापुढे बंदुकीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

डॉक्टरांचं काय जातं सांगायला! ओमारुरूच्या त्या कोरड्या मुलखात नुसत्या गुरांवर घर चालत नाही. जून ते ऑगस्ट शिकारीला येणारे पाहुणे वर्ष काढून देतात. पाहुण्याचा नेम चुकला, जनावर जखमी होऊन झाडीत शिरलं, तर त्याच्या मागे जाऊन त्याला संपवायचं काम यजमानाचं. त्यासाठी घरात परीक्षा देऊन परवाना मिळवलेला माणूस हवा. तो माणूस आता हिल्डे होणार होती, नाहीतर मळा विकून समुद्रकाठच्या गावी मुलीच्या फ्लॅटवर जायचं होतं.

"तिथं सहा महिन्यांत मरेन मी," डेटलेफ म्हणाला होता. तो उगाच बोलणारा माणूस नव्हता, म्हणून हिल्डेनं चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिली रायफल घ्यायचं ठरवलं.

आणि मग सल्ल्यांना ऊत आला. डेटलेफचे मामा, विनरिख ओंकल, शेजारच्या मळ्यावरून खास त्यासाठी आले.

"तीनशेआठची रायफल घे," केक तोंडात असतानाच ते म्हणाले. "हलकी, साधी. बाईमाणसाच्या खांद्याला झेपेल."

"आणि समोर एलंड आला तर?" डेटलेफ म्हणाला. "आठशे किलोचं धूड. तीनशेआठनं त्याला गुदगुल्या होतील. जाड नळीची नऊ-तीनच हवी. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसरी नळी वापरली नाही."

"अरे, गोळी जागेवर बसली तर तीनशेआठ पुरते. नाही बसली तर तोफ आणलीस तरी जनावर पळतं."

"गेल्या वर्षी तुम्ही रानडुकराला तीन घातल्यात ओंकल. तिन्ही जागेवरच बसल्या होत्या वाटतं?"

ओंकलनी केकचा दुसरा तुकडा घेतला आणि विषय तिथंच मिटला. पायरीवर पाइप कोरत बसलेल्या सागेउसला हिल्डेनं विचारलं. सागेउस तीस वर्षं या मळ्यावर माग काढत होता. जमिनीवर रेघ दिसली की ती कोणाची, केव्हाची, पोटात काय होतं, सगळं सांगायचा.

"मोठी बंदूक घाबरवते बाई," तो म्हणाला. "घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. ज्या बंदुकीनं तुमचे डोळे उघडे राहतील, ती घ्या. नळीचं माप पुरुषांना भांडायला राहू दे."

गावातल्या हाकलेंडरच्या दुकानात तिनं तेच केलं. त्याची जुनी रीत होती. डोळे मिटायचे, रायफल खांद्याला लावायची, डोळे उघडायचे. नवी कोरी तीनशेआठ लावली की नळीवरच्या दुर्बिणीत अर्धा अंधार दिसायचा, मान पुढे न्यावी लागायची. मग त्यानं मागच्या कपाटातून एक जुनी नऊ-तीन काढली. हिल्डेनं डोळे उघडले, आणि समोर लख्ख उजेड, बरोबर मध्यावर फुली. शिंप्यानं माप घेऊन शिवावी तशी ती खांद्यात बसली होती. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. मागच्या आवारात पाच गोळ्या झाडल्या. धक्का गायीच्या लाथेसारखा होता, पण डोळे उघडे राहिले.

"कुणाची होती?" तिनं विचारलं.

"माझ्याकडे आली तेव्हा कुणाचीच नव्हती," हाकलेंडर म्हणाला. "नेम चुकतो अशी तक्रार मात्र कुणी केलेली नाही."

२

पहिलं जनावर कुडू होतं. मे महिन्यातली थंड सकाळ, नव्वद पावलांवर हरणाच्या जातीचा, पिळदार शिंगांचा नर. हिल्डेच्या छातीत एवढं धडधडत होतं की सागेउसला ऐकू जाईल असं तिला वाटलं. पण रायफल खांद्याला लागली आणि धडधड थांबली. गोळी सुटली. कुडू जागच्या जागी खाली बसला.

तिकडच्या जर्मन शिकाऱ्यांत एक रीत आहे. जनावर पडलं की हिरवी डहाळी तोडायची आणि त्याच्या दातांत ठेवायची. तो त्याचा शेवटचा घास. ज्यानं मारलं त्यानंच तो द्यायचा, आपल्या हातानं. लग्नानंतर डेटलेफनं हिल्डेला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला हसू आलं होतं. आता कुडूकडे चालताना मात्र तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि हातात वाटेत तोडलेली काटेरी डहाळी.

कुडूच्या तोंडात डहाळी होती.

बोटभर लांबीची, हिरवीगार, दातांमध्ये नीट आडवी ठेवलेली.

"खात होता वाटतं," हिल्डे म्हणाली. कुडू झाडपाला खाणारं जनावर. मरताना घास तोंडातच राहिला असेल, दुसरं काय?

सागेउस वाकला. डहाळीचं टोक त्यानं बराच वेळ पाहिलं. ते तिरपं, गुळगुळीत कापलेलं होतं. दातांनी तोडलेलं टोक असं नसतं, ते चिंध्या झालेलं असतं.

"तुम्ही ठेवलीत?" तिनं विचारलं.

"मी तुमच्या मागे होतो, बाई."

आपल्या हातातल्या डहाळीचं काय करावं ते तिला सुचेना. घास तर दिलेला होता, दोनदा कसा द्यायचा? तिनं ती डहाळी बाजूला टाकली. घरी डेटलेफनं थरथरत्या हातांनी तिचा चेहरा धरला आणि कपाळाचा मुका घेतला. त्या आनंदात ती डहाळी विसरून गेली.

३

दहा दिवसांनी लांब सरळ शिंगांचा ऑरिक्स पडला. एकशे वीस पावलांवरून, एका गोळीत. हिल्डे जवळ जाईपर्यंत स्वतःशी म्हणत होती, काही नसणार, काही नसणार.

डहाळी होती. आणि ऑरिक्स गवत खातो, त्यात तो उघड्या मैदानात पडला होता. सगळीकडे मऊ वाळू होती. सागेउसनं त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, दर फेरीला वर्तुळ मोठं केलं, मग परत येऊन वाळूत उकिडवा बसला.

"ऑरिक्सची पावलं आहेत," तो म्हणाला. "तुमची, माझी. एका भुंग्याची. बस."

"वाऱ्यानं पुसली असतील."

"भुंग्याची नाही पुसली, आणि माणसाची पुसली?"

हिल्डेनं ती डहाळी दातांतून ओढून काढली, बोटांनी चुरडली. मिरीचा झणझणीत वास आला. तो वास तिच्या घरचा होता. मळ्यावर असं झाड एकच, घराच्या अंगणात, ओसरीसमोर. पानं चुरडली की मिऱ्यांसारखा वास येतो म्हणून सगळे त्याला मिरझाड म्हणत. त्याच्या सावलीत डेटलेफची खुर्ची असायची. तिथून हे मैदान अकरा किलोमीटरवर होतं.

"बाई, आता तरी तुमच्या हातानं द्या," सागेउस म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता. "ज्यानं घास दिला, शिकार त्याची. साहेबच सांगतात ना?"

पण हिल्डेला तिथं आणखी एक क्षणही थांबायचं नव्हतं. जनावर गाडीत चढवलं आणि ते निघाले.

घरी पोचल्यावर ती आधी झाडापाशी गेली. छातीएवढ्या उंचीवर डहाळ्या कापल्याच्या खुणा होत्या. एक वाळून तपकिरी झालेली, दहा दिवसांपूर्वीची. एक ताजी, पांढरा चीक आलेली. ती सुटकेचा श्वास टाकणार इतक्यात तिला त्यांच्या शेजारी तिसरी खूण दिसली. तिचा चीक अजून ओघळत होता.

जनावरं दोनच पडली होती.

४

माणसाचं डोकं काहीतरी कारण शोधतंच. हिल्डेच्या डोक्यानं डेटलेफला शोधलं. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य शिकारीत गेलेलं. आता बायकोनं त्याची जागा घेतली, हे मनाला लागलं असेल. सागेउसला हाताशी धरून तो हे खेळ करत असेल. दुपारच्या जेवणाला तिनं स्पष्टच विचारलं.

डेटलेफ हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं सुरी उचलली आणि पावाला लोणी लावायला घेतलं. सुरी ताटलीवर खडखडली, लोणी टेबलावर पडलं, पाव फाटला.

"तिरपं आणि गुळगुळीत म्हणालीस ना?" तो म्हणाला. "मला शिकव, हिल्डे. फार दिवस झाले काही सरळ कापून."

ती एवढी शरमली की उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ बंद केला तेव्हा घर शांत होतं. मोठ्या खोलीतलं घड्याळ, फ्रिजची घरघर. खिडकीबाहेर दुपारचं रखरखीत ऊन. आणि अंगणातून आवाज आला. कच्. हिरव्या फांदीवरून धारदार पातं जातं तसा, एकदाच.

ती धावत ओसरीवर गेली. डेटलेफ खुर्चीत मान कलती करून झोपला होता. अंगणात चिटपाखरू नव्हतं, वारा नव्हता. मिरझाडाच्या सगळ्या फांद्या निश्चल लोंबत होत्या. एक मात्र हलत होती.

खुणा चार झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती हार्टेबीस्ट हरणाच्या मागे गेली, मुद्दाम. जनावर पडल्यावर तिनं दुर्बिणीतून डोळा काढला नाही. पापणी न मिटता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर बघत राहिली. सागेउसनं तिच्या कोपराला धरून तिला चालवत नेलं, आंधळ्याला न्यावं तसं. रायफल खांद्याला, नजर जनावरावर. जवळ कुणी आलं नाही. पक्षीसुद्धा आला नाही. दहा पावलांवर आल्यावर तिनं रायफल खाली केली.

लांबट तोंडाच्या कडेतून मिरझाडाची पानं बाहेर आली होती. ती मघापासून तिथंच असावीत, आणि हिल्डेला दिसली नसावीत, एवढंच. तीन जनावरं, चार खुणा. एक डहाळी अजून कुणाच्या तरी वाटची होती.

५

तिनं नऊ-तीन हाकलेंडरला परत केली.

"मारते की चांगली?" तो म्हणाला.

"फार चांगली मारते," हिल्डे म्हणाली. "मला तीनशेआठ द्या."

घरी विनरिख ओंकलना आपलं म्हणणं खरं झाल्याचा कोण आनंद! तीनशेआठचा दस्ता तिला किंचित लांब पडत होता, मान पुढे न्यावी लागत होती, डबड्यांवरचे दोन-तीन नेमही चुकले. प्रत्येक चुकीला हिल्डेला हायसं वाटायचं. ही साधी, माणसांची बंदूक होती. परीक्षेत ती काठावर पास झाली. परवाना आला. पहिले पाहुणे आठ दिवसांवर आले. मळा वाचला होता.

फक्त चौथी खूण वाळत नव्हती. हिल्डे रोज सकाळी झाडापाशी जायची आणि बोट लावून बघायची. बाकीच्या तिन्ही काळ्या पडल्या होत्या. ही ओलीच. आता कापल्यासारखी.

डहाळी कुणाची? अंगणात, त्या झाडाखाली, दिवसभर बसणारा माणूस एकच होता. ती डेटलेफच्या तोंडाकडे बघायला लागली. जेवताना, बोलताना, दुपारी डुलकी लागल्यावर. एकदा तर त्याचा ओठ बोटानं वर करून बघताना पकडली गेली.

"मी काय बाजारातला घोडा आहे, दात बघायला?" डेटलेफनं डोळे न उघडताच विचारलं.

"दाताला काहीतरी लागलं होतं."

"हिल्डे, तू झोपत नाहीस. दोन दिवस ओंकलकडे जाऊन राहा. सागेउस आहे इथं."

"मी तुला सोडून कुठंही जाणार नाही," ती एवढ्या जोरात म्हणाली की दोघंही दचकले.

त्या दुपारी तिला एक उपाय सुचला, आणि तो सुचल्यावर एवढा सोपा वाटला की ती हसली. डहाळी कुणाच्या तरी वाटची आहे ना? मग ती कुणाला तरी देऊन टाकायची. एक जनावर मारायचं. घास संपेल, हिशेब मिटेल. भीतीनं पिसाळलेल्या डोक्यालाही आपली अक्कल फार शहाणी वाटते.

६

सकाळी दहाच्या सुमाराला, तळ्याच्या वाटेवर स्प्रिंगबॉक उभा होता. लहानसं, बकरीएवढं जनावर. हिल्डेनं तीनशेआठ काठीच्या तिवईवर टेकवली. डोळे मिटले की उघडे राहिले, ते तिला पुढे आठवेना. गोळी सुटली आणि स्प्रिंगबॉक पडला.

ती धावली. बाभळींचे काटे दंडावर ओरखडत गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती मनापासून प्रार्थना करत होती की ती डहाळी तिथं असू दे. गुडघ्यांवर बसून तिनं स्प्रिंगबॉकचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं.

तोंड रिकामं होतं.

तिनं जिभेखाली बघितलं, गालांत बोट घातलं, मान उलटी केली. काही नव्हतं. स्वच्छ गुलाबी तोंड, थोडी लाळ, थोडं रक्त.

"नाहीय," ती किंचाळली. "सागेउस, नाहीय!"

"मग बरंच झालं की," सागेउस धापा टाकत आला. त्यानं शेजारच्या झुडपाची डहाळी मोडली आणि तिच्यापुढे धरली. "घ्या. ही शिकार तुमची आहे, बाई. तुमच्या हातानं द्या. आता लगेच द्या."

पण हिल्डेच्या डोळ्यांसमोर ओसरीवरची खुर्ची होती आणि त्या खुर्चीत कलती झालेली मान. ती उठून गाडीकडे पळाली.

"आधी घास द्या!" सागेउस मागून ओरडला. त्यानं तिच्यावर आवाज कधीच चढवला नव्हता. "बाई! घास दिल्याशिवाय जाऊ नका! मेल्याला उपाशी सोडून—"

तिनं गाडी चालू केली. आरशात तो हातात डहाळी धरून उभा दिसला, मग धुळीत दिसेनासा झाला. सात किलोमीटर तिनं कसे काटले ते तिचं तिला ठाऊक. दोन फाटकं उघडली आणि उघडीच टाकली, जे त्या मुलखात कुणी करत नाही. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती. डेटलेफ, डेटलेफ, एवढंच मनात चाललं होतं.

अंगणात गाडी नीट न लावताच ती उतरली.

डेटलेफ खुर्चीत बसला होता. जागा होता. मांडीवर ताटली, ताटलीत पाव. तो चावत होता, आणि चावता चावता तिच्याकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या. हिल्डेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पाव. नुसता पाव आणि जर्दाळूचा जॅम. इतकं सुख तिला कुडू पडला तेव्हाही झालं नव्हतं, लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. ती ओसरीच्या पहिल्या पायरीवर आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"काय झालं गं? लांडगा लागल्यासारखी आलीस." मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, आणि तो ताटली बाजूला ठेवून सावरून बसला, घरी परका माणूस आला की बसायचा तसा. "आणि सांगायचं नाही का, पाहुणे आणतेयस म्हणून? मी गंजीफ्रॉकवर बसलोय."

गाडीत तिच्याबरोबर कुणी नव्हतं.

"या ना, या," डेटलेफ तिच्या मागे बघत म्हणाला. "टोपी कशाला काढलीत, असू द्या डोक्यावर. ऊन आहे."

हिल्डे वळली नाही. समोर खिडकीची काच होती, काचेत अंगण होतं, पांढरं ऊन आणि तिची आकृती. आकृतीच्या अगदी मागे कुणीतरी उभं होतं. मान खाली, उघडं डोकं, छातीशी धरलेली टोपी. मयतापाशी उभं राहतात तसं.

तिला डेटलेफला ओरडून सांगायचं होतं, आत जा, दार लाव. तिनं तोंड उघडलं, पण जीभ हलेना. जिभेवर आडवं काहीतरी होतं.

"हिल्डे," डेटलेफ खुर्चीतून अर्धवट उठत म्हणाला, "तोंडात काय आहे तुझ्या?"

तिला मिरीचा वास आला.